जुनं ट्रम्पेट ऑनलाइन घेताय? आधी हवा तपासा, चमक नंतर

भाची आठवीत होती तेव्हाची गोष्ट. विसर्जन मिरवणुकीला आम्ही पुण्यात लक्ष्मी रोडला उभे होतो, समोरून प्रभात बँड वाजत गेला आणि घरी येईपर्यंत पोरीने दुसरा विषयच काढला नाही, मला ट्रम्पेट शिकायचंय म्हणजे शिकायचंय. मी शाळेच्या बँडमध्ये वाजवायचो त्यामुळे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं की वाद्य मामा आणणार. नवीन चांगल्या कंपनीचं घ्यायचं तर बजेट नव्हतं आणि मुलगी सहा महिन्यांत सोडून देईल का टिकवेल हेही माहीत नव्हतं, म्हणून ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस असं शोधत बसलो. पहिलं घेतलं ते फसलं, दुसरं इतकं छान निघालं की ती अजून त्यावरच वाजवते. त्या दोन खरेद्यांच्या मधे जे शिकलो ते सगळं सविस्तर लिहितोय कारण मराठीत हे कुणी नीट सांगितलेलं मला तेव्हा सापडलं नव्हतं.

पहिलं ट्रम्पेट दुसऱ्या शहरातून कुरिअरने आलं. फोटोत अगदी सोन्यासारखं. बॉक्स उघडला तर केसमध्ये माउथपीस (ओठाला लावायचा सुटा भाग) मोकळाच टाकलेला, वाटेत आपटून आपटून त्याने तिसऱ्या वॉल्व्हच्या स्लाइडला, म्हणजे आतबाहेर सरकणाऱ्या नळीला, पोचा पाडलेला. तेवढं चाललं असतं. पण भाचीने फुंकलं की सुरापेक्षा फुसफुसच जास्त यायची, मला वाटलं नवीन आहे, सवय नाही, मग मी वाजवलं तर माझंही तेच. शेवटी बुधवार पेठेतल्या एका बँडवाल्या काकांकडे घेऊन गेलो, त्यांचं सगळं आयुष्य ट्रम्पेट वाजवण्यात गेलंय. त्यांनी ते तोंडाला लावलंसुद्धा नाही. मेन स्लाइड ओढून काढली, मोबाइलचा टॉर्च नळीत मारला आणि म्हणाले, बघ. आत नळीभर गुलाबी डाग, मधे मधे काळपट ठिपके. "बाहेरून पॉलिश, आतून चाळण," एवढंच बोलले आणि परत स्लाइड लावून हातात दिलं.

तेव्हा डोक्यात पक्कं बसलं की ट्रम्पेट म्हणजे शेवटी एक गुंडाळलेली पितळी नळी आहे, बी फ्लॅट ट्रम्पेटची नळी सरळ केली तर साधारण १४८ सेंटीमीटर भरते, आणि ओठांपासून बेलपर्यंत, म्हणजे पुढच्या रुंद तोंडापर्यंत, हवा कुठेही न गळता, न अडखळता गेली पाहिजे, बाकी सगळं नंतर. लॅकर म्हणजे वरचा चकचकीत थर उडालाय, रंग काळवंडलाय, बेलवर बारीक पोचे आहेत, याने आवाजाचं फार काही बिघडत नाही. हवा गळत असेल तर मात्र ते शोकेसमध्ये ठेवायचं भांडं. खाली जे काही तपासायला सांगतोय ते सगळं त्या हवेसाठीच आहे.

शोधताना

आपल्याकडच्या साइटवर नुसतं ट्रम्पेट टाकलं की निम्म्या वेळा मुरादाबादी पितळी शोपीस समोर येतात, दिसायला कर्णा पण वाजवायला नाही. उरलेल्यांत बिनवॉल्व्हचे बिगुल येतात, स्काउट आणि पोलिसांकडे असतात तसले. कॉर्नेटही ट्रम्पेट म्हणूनच विकायला असतं. कॉर्नेट वाईट वाद्य नाही, उलट लहान हाताच्या मुलांना धरायला सोपं जातं, नळी तेवढीच पण जास्त गुंडाळलेली असते, फक्त त्याचा माउथपीस वेगळा, मागची दांडी बारीक असते आणि ट्रम्पेटचा माउथपीस त्यात बसत नाही. काय घेतोय ते कळून घ्या एवढंच. फोटोत तीन पिस्टन (वॉल्व्हमधल्या, बोटांनी दाबायच्या दांड्या) मधोमध, माउथपीसपासून सरळ पुढे जाणारी नळी आणि लांबट आकार दिसला की ट्रम्पेट.

शोधताना कंपनीचं नाव आणि मॉडेल नंबर टाकून शोधा आणि स्पेलिंग चुकवूनही शोधा, कारण माळ्यावरचं वाद्य विकणाऱ्याला बऱ्याचदा काहीच माहीत नसतं आणि चांगला माल तिथेच पडून असतो. स्टुडंट मॉडेलमध्ये यामाहा वायटीआर २३२०, २३३५, १३३५, २३३० ही नावं लक्षात ठेवा. माझं मत विचाराल तर पहिल्या ट्रम्पेटला जुनी यामाहा ही सगळ्यात बिनघोर खरेदी, पिस्टन मजबूत असतात आणि सूर आपसूक जागेवर येतात. बाख टीआर ३००, ज्युपिटर, होल्टन टी ६०२, किंग ६०० ही पण शिकायला उत्तम. बाख स्ट्रॅडिव्हेरियस १८०एस३७ हे प्रोफेशनल मॉडेल, ते कुणी अगदी स्वस्तात देतोय म्हणाला तर हुरळून जायच्या आधी थांबा. बाख आणि यामाहा दोघांचाही सिरियल नंबर मधल्या वॉल्व्हच्या केसिंगवर, म्हणजे पिस्टन ज्यात बसतो त्या नळकांड्यावर असतो, त्याचा जवळून फोटो मागा, बेलवरच्या नक्षीतल्या नावावर भरवसा ठेवू नका.

मेरठच्या जली कोठीत बनलेली ट्रम्पेट आपल्याकडे भरपूर विकायला असतात. वरातीत, मिरवणुकीत तासन्‌तास वाजवायला बँडवाले ती वर्षानुवर्षं वापरतात आणि दुरुस्त करणारेही त्यांच्या ओळखीचे असतात, त्यामुळे बँडमध्ये जायचं असेल तर खुशाल घ्या. पण मूल ग्रेड परीक्षा देणार असेल, पियानोबरोबर वाजवणार असेल तर वॉल्व्ह हलके आणि सूर नेमके हवेत, आणि या मेरठच्या मालात प्रत्येक नग वेगळा निघतो, हातात घेऊन वाजवल्याशिवाय घेऊ नका. आणि लाल निळ्या रंगाची, केस हातमोजे सगळं फुकट असलेली अगदी स्वस्त नवी ट्रम्पेट दिसतात, त्यांच्याकडे ढुंकूनही बघू नका, पिस्टन मधेच अडकतो आणि मुलाला वाटतं मलाच येत नाहीये. असं एक मूल मी बघितलंय, वर्षभर खपलं आणि मग सोडून दिलं, वाद्य बदललं असतं तर टिकलं असतं असं मला आजही वाटतं.

रिव्हर्ब, ईबे अशा बाहेरच्या साइटवर भरपूर माल असतो पण बाहेरून जुना वापरलेला माल मागवण्यावर आपल्याकडे निर्बंध आहेत, शिवाय ड्युटी आणि जीएसटी लागतो तो कुरिअरचा खर्च धरून, पार्सल कस्टममध्ये अडकलं की मनस्ताप. त्या साइटचा उपयोग भाव समजून घ्यायला करा.

भावाचं म्हणाल तर माझा साधा हिशोब आहे. तेच किंवा त्याच्या जवळचं मॉडेल आज नवीन कितीला आहे ते बघायचं, स्टुडंट ट्रम्पेट एकदम सुस्थितीत असेल तर निम्म्याच्या आसपास, काही काम निघणार असेल तर तो खर्च त्यातून वजा. गणपतीच्या आधी आणि लग्नसराईत घाई करू नका, बँडवाले तेव्हा खरेदीत असतात आणि दुरुस्तीवाल्यांना मान वर करायला वेळ नसतो.

फोटो आणि व्हिडिओ मागवा, लाजू नका

जाहिरातीत नेहमी बेलचा एक झगमगीत फोटो असतो. त्याचा काही उपयोग नाही. विकणाऱ्याला नीट मेसेज करा की मला हे हे फोटो हवेत: माउथपीसच्या मागची सरळ नळी म्हणजे लीडपाइप, तो खालच्या बाजूने, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता. तिन्ही पिस्टन बाहेर काढून ओळीने ठेवलेले. चारही स्लाइड बाहेर काढलेल्या, म्हणजे मेन ट्यूनिंग स्लाइड आणि प्रत्येक वॉल्व्हची एक. बेल तोंडाकडून सरळ समोरून. मधल्या वॉल्व्हचा नंबर.

चारही स्लाइडचा फोटो मागण्यामागे कारण आहे. ज्या स्लाइड निघत नाहीत त्यांचा फोटो येत नाही, मग विकणारा म्हणतो त्याची काय गरज, वाद्य चालू आहे. अडकलेली स्लाइड सुटू शकते, गरम करून, तेल मुरवून काढतात, पण ती अडकलीये हे आधी कळलं तर भाव त्या हिशोबाने करता येतो.

मग एक मिनिटाचा व्हिडिओ: तिन्ही पिस्टन एकेक करून दाबून सोडायचे, मग कुणीतरी वाजवायचं. वाजवणारं कुणी नसेल तर नुसते पिस्टन दाखवले तरी चालेल. पिस्टन दाबल्यावर चटकन वर आला पाहिजे. हळू आला तर तेल नसेल, मळ असेल, स्प्रिंग वाकडी असेल, यातलं काहीही असू शकतं आणि बहुतेक वेळा साफ केल्यावर सुधारतं, त्यामुळे तेवढ्यावरून नाही म्हणू नका. पण दाबलेला पिस्टन खालीच राहत असेल तर केसिंगला पोचा आहे का ते विचारा.

पैसे

ट्रम्पेट बघितल्याशिवाय टोकन, ॲडव्हान्स, डिलिव्हरी चार्ज, काहीही पाठवू नका. आपल्या पुण्यात कॅम्प, खडकी, एनडीए सगळं असल्यामुळे लष्कराच्या नावाने होणारी फसवणूक लोकांना पटकन खरी वाटते: मी आर्मीत आहे, बदली झालीये, सामान आर्मीच्या गाडीने येईल, आधी थोडे पाठवा, सोबत ओळखपत्राचा फोटो. ओळखपत्राच्या फोटोला शून्य किंमत द्या. आणि उद्या तुम्हीच काही विकायला काढलंत तर समोरचा क्यूआर कोड पाठवून म्हणेल की स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. फसलात तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

शक्यतो पुणे, पिंपरी चिंचवड, फार तर मुंबई, नाशिक, सातारा एवढ्या टप्प्यातलंच बघा, जिथे सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. प्रवासाला जेवढे घालवाल त्याच्या कितीतरी पट वाचतात.

बघायला जाताना

बरोबर न्यायचं सामान: स्वतःचा माउथपीस (नसेल तर ७सी मापाचा मागवून घ्या, शिकणाऱ्याला तोच बरा आणि पुढे लागणारच आहे), वॉल्व्ह ऑइलची बाटली, मऊ सुती फडकं, टॉर्च, मोबाइलमध्ये ट्यूनरचं ॲप. आणि शक्य असेल तर वाजवणारा माणूस. तुम्हाला येत नसेल तर हा माणूस सगळ्यात महत्त्वाचा. क्लासचे सर, ओळखीतला बँडवाला, कुणीही, त्यांचा अर्धा दिवस जातो तर चहापाणी, रिक्षाभाडं आणि वर काहीतरी मानधन जरूर द्या.

आता माझी दुसरी खरेदी सांगतो म्हणजे पायऱ्या कळतील. चिंचवडला एक काकू होत्या, मुलगा परदेशी गेलेला, त्याचं शाळेतलं यामाहा २३३५ माळ्यावर पडून. जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं, बंद आहे. त्या बँडवाल्या काकांना घेऊन गेलो. काकूंनी केस आणून सतरंजीवर ठेवली, उघडली तर आतून ओलसर कोंदट वास, पितळ काळवंडलेलं, पाण्याच्या कीपाशी (नळीत साचलेलं पाणी काढायची झडप) हिरवट थर, जुन्या भांड्यात ताक ठेवल्यावर कसं कळकतं तसं. मला वाटलं झालं, परत फसतोय. काकांनी फुंकर मारली तर हवा जाईचना, भिंतीला फुंकल्यासारखी. ते काही बोलले नाहीत, वरची झाकणं फिरवून तिन्ही पिस्टन काढले आणि फडक्यावर ओळीने ठेवले. प्रत्येक पिस्टनवर नंबर कोरलेला असतो, १, २, ३, माउथपीसच्या जवळचा तो एक नंबर. एक आणि तीनची अदलाबदल झाली होती. मुलाने कधीतरी साफ करून उलटे घातले असणार आणि तेव्हापासून ते बंद होतं. पिस्टन चुकीच्या घरात गेला की त्याची भोकं नळ्यांसमोर येत नाहीत आणि हवेला वाटच राहत नाही. काकांनी पुसून, तेल घालून जागेवर बसवले, पिस्टनची गाइड (छोटी खुंटी) खाचेत बसल्याची बारीक कट्ट झाली, आणि पहिलाच सूर वाजला तेव्हा काकू स्वयंपाकघरातून पळत बाहेर आल्या. मी त्यांना तिथेच सांगितलं की हे बिघडलेलं नाहीये, आणि चालू ट्रम्पेटची जी रास्त किंमत होती तीच दिली.

सूर वाजला म्हणून लगेच पैसे काढायचे नाहीत. काकांनी त्यानंतर पाऊण तास घालवला, तो क्रम असा.

टप्प आवाजाची परीक्षा. ही कुणालाही करता येते, वाजवता यायची गरज नाही. पिस्टन न दाबता त्याच वॉल्व्हची स्लाइड एखाद इंच बाहेर ओढा, दोन तीन सेकंद थांबा, मग पिस्टन दाबा. टप्प असा स्वच्छ आवाज आला पाहिजे, बाटलीचं बूच निघाल्यासारखा. स्लाइड ओढल्यावर आत पोकळी तयार होते, पिस्टन आणि स्लाइड घट्ट असतील तरच ती टिकते, दाबल्यावर हवा आत घुसते तो हा आवाज. तिन्ही वॉल्व्हवर करा. आवाज नाही आला तर पोकळी हळूच भरली, म्हणजे गळती आहे. वर्षानुवर्षं कोरडं पडलेलं वाद्य असेल तर आधी जसं आहे तसं करून बघा, मग पिस्टनला तेल, स्लाइडला थोडं ग्रीस लावून परत करा. तेलानंतर टप्प आला तर चिंता नाही. तेलानंतरही नुसतंच फुस्स, तर पिस्टन झिजलेत, उठायचं आणि घरी यायचं. पिस्टनवर परत मुलामा चढवून ते घासून केसिंगच्या मापाला बसवणं हे महागाचं, फार नेमकं काम आहे, स्टुडंट ट्रम्पेटवर तेवढा खर्च परवडत नाही. एक आणि तीनच्या स्लाइड वाजवताना सरकवायच्या असतात म्हणून जरा सैल असतात, तिथे आवाज थोडा दबका आला तर चालतं.

पिस्टन डोळ्यांनी. पुसून उजेडात फिरवून बघा. उभे बारीक ओरखडे सगळ्याच जुन्या पिस्टनवर असतात. नखाला लागणारा चर असेल, किंवा निकेलचा मुलामा जाऊन खालचं पितळ दिसत असेल तर भाव खाली. पिस्टन वर असताना बोटाने बाजूला हलवून बघा, खडखड हलायला नको. दाबताना लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज येत असेल तर घाबरू नका, आतले फेल्ट, म्हणजे नमद्याच्या चकत्या, दबलेत, किरकोळ पैशात बदलतात. स्प्रिंगचंही तेच.

लीडपाइप. पहिल्या खरेदीत मी इथेच मार खाल्ला म्हणून जरा थांबून सांगतो. ट्रम्पेटचं साधं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. तोंडातून येणारी वाफ आणि लाळ रोज त्या पहिल्या नळीत साचते, पुसलं नाही तर पितळातलं जस्त हळूहळू विरघळून निघून जातं आणि मागे राहतं ते सच्छिद्र तांबं, म्हणून तो गुलाबी लाल रंग. याला रेड रॉट म्हणतात आणि हे आतून बाहेर येतं. त्यामुळे बाहेर गुलाबी ठिपका, त्याच्या मधोमध काळा बिंदू असं दिसलं तर आतली भिंत बरीच खाल्ली गेलीये असं समजा. मेन स्लाइड काढून टॉर्च मारा आणि आतही बघा, हिरवा पांढरा थर असेल तर तो मळ, ब्रशने निघतो. बाहेरचे तपकिरी डाग, लॅकर उडून काळं पडलेलं, ते रेड रॉट नाही, फडक्याने घासून बघा, फरक कळतो. लीडपाइप बदलता येतो पण स्टुडंट ट्रम्पेटला तो खर्च परवडत नाही. आणि अति चकचकीत पॉलिश केलेल्या ट्रम्पेटपासून सावध राहा, मशीनवर घासताना पत्राच झिजतो, नक्षीच्या रेघा पुसट झाल्यात का बघा, त्यावरून किती घासलंय ते कळतं.

पोचे. बेलच्या रुंद भागावरचे पोचे दिसायला वाईट, वाजवायला निरुपद्रवी. लीडपाइप आणि मेन स्लाइडच्या वळणावरचा पोचा मात्र सूर बिघडवतो आणि वॉल्व्ह केसिंगवरचा पिस्टन अडकवतो. बेलच्या मागच्या वळणापाशी सुरकुत्या दिसल्या तर ते कधीतरी पडून वाकलंय आणि परत सरळ केलंय.

सूर. माउथपीस बसवा, साधारण इंचभर आत जाऊन घट्ट बसला पाहिजे, डुगडुगला तर तिथेही गळती. एकही पिस्टन न दाबता वाजणारा जो सूर ट्रम्पेटवाले सी म्हणतात तो प्रत्यक्षात बी फ्लॅट असतो, आपल्या पेटीवरची काळी पाच. ट्यूनर ए ४४० ला, म्हणजे आजच्या नेहमीच्या पट्टीला लावून मेन स्लाइड एक दीड सेंटीमीटर बाहेर काढली की काळी पाच जुळायला हवी. स्लाइड पूर्ण आत असूनही उतरलेलाच लागतोय किंवा पूर्ण बाहेर काढूनही चढलेलाच, तर गडबड. जुन्या इंग्रजी वाद्यांत ही गडबड मुद्दाम केलेली असते: १९६० च्या दशकापर्यंत तिकडचे ब्रास बँड वरच्या पट्टीत, ए ४५२ च्या आसपास वाजवायचे, त्या काळातली कॉर्नेट आणि ट्रम्पेट आपल्याकडेही आलेली आहेत. त्यांची काळी पाच पेटीच्या काळी पाच आणि पांढरी सातच्या मधोमध कुठेतरी लागते आणि कशालाच जुळत नाही. जुन्या अमेरिकन वाद्यांवर एलपी किंवा एचपी कोरलेलं असतं, लो पिच आणि हाय पिच, आपल्याला एलपी हवं.

मग सगळे सूर क्रमाने वाजवून बघायचे. एक तीन दाबून येणारा खालचा डी आणि तिन्ही दाबून येणारा सी शार्प हे दोन्ही चढेच लागतात, जगातल्या कुठल्याही ट्रम्पेटवर. तो दोष नाही, तिसऱ्या स्लाइडची रिंग बोटाने पुढे सरकवून ते उतरवायचे असतात. म्हणून ती तिसरी स्लाइड लोण्यासारखी सरकते का ते बघा, बाकी स्लाइडपेक्षा ती महत्त्वाची.

दुरुस्ती

डाख सुटलेला आधार, बुच गेलेली पाण्याची की, फेल्ट, स्प्रिंग ही सगळी छोटी कामं, पुण्यातले बँडवाले ज्यांच्याकडून करून घेतात त्यांच्याकडे जा, पत्ता बँडच्या दुकानात विचारला की मिळतो. पोचे काढायला कुठल्याही भांडेवाल्याकडे देऊ नका. कसबा पेठेतल्या तांबट आळीतलं मठारकाम मी तासभर उभा राहून बघितलंय, त्या हाताला तोड नाही, पण तिथे ठोका मारून हंडा घट्ट करतात. ट्रम्पेटच्या बेलचा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यात बरोबर मापाचा लोखंडी दांडा घालून बाहेरून हळूहळू घासून पोचा बसवतात, ठोकला तर पत्रा पसरतो. अडकलेला माउथपीस पक्कडीने पिळून काढू नका, लीडपाइपच पिळला जातो, त्याचा वेगळा पुलर मिळतो, बँडवाल्यांकडे असतो.

कुरिअरने मागवायचंच असेल तर

विकणाऱ्याला चार गोष्टी लेखी सांगा. माउथपीस केसमधून काढून वेगळा गुंडाळा, केसमध्ये काहीही मोकळं नको. केसच्या आत बेलच्या आजूबाजूला कापड कोंबा म्हणजे वाद्य हलणार नाही. केस तशीच न पाठवता मोठ्या खोक्यात, चारही बाजूंनी बबल रॅप. आणि पॅक करतानाचा व्हिडिओ. तुम्ही उघडताना पार्सलवरचं लेबल दिसेल असा एकसलग व्हिडिओ काढा, मधे थांबवू नका. परत करायची अट आणि मुदत चॅटमध्ये आधीच ठरलेली असू दे, फोनवर बोललेलं मागाहून कुणाला आठवत नाही.

घरी आल्यावर

लगेच वाजवू नका, आधी धुवा. बादलीत कोमट पाणी, कढत नाही, कढत पाण्याने लॅकर सोलून निघतं, त्यात भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब. पिस्टन, फेल्ट, स्प्रिंग बाजूला काढा, फेल्ट भिजवायचे नाहीत. नळ्यांमधून लांब लवचिक ब्रश फिरवा, लीडपाइपमधून दोन तीन वेळा, पहिलं पाणी काळं हिरवं निघेल. पिस्टन वेगळे मऊ कापडाने धुवा, खाली पडू देऊ नका, एवढ्याशा पोच्याने ते कायमचे अडकतात. सुकवा, स्लाइडना ग्रीस, पिस्टनना तेल, नंबर बघून घरात घाला. माउथपीसचा चांदीचा मुलामा जाऊन पिवळं पितळ ओठाला लागत असेल तर तो वापरू नका, नवीन घ्या.

पुढे रोज वाजवून झाल्यावर पाणी काढून टाकायचं आणि लीडपाइप आतून कोरडा करायचा, पावसाळ्यात तर नक्कीच, जून ते सप्टेंबर बंद केसमध्ये ओलं ट्रम्पेट राहिलं तर रेड रॉटची सुरुवात तिथूनच होते. केसमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. तेल दर दोन तीन दिवसांनी. भाचीने पहिल्या पावसाळ्यात कंटाळा केला होता, काकांनी तिला ते जुनं चाळण झालेलं ट्रम्पेट उघडून आत टॉर्च मारून दाखवलं, तेव्हापासून सांगावं लागत नाही.

आणि घेताना साध्या कागदावर पावती करून घ्या: मॉडेल, सिरियल नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. बेलवर एखाद्या शाळेचा किंवा बँडचा शिक्का असेल तर हे तुमच्याकडे कसं आलं ते सरळ विचारा, उत्तर पटलं नाही तर सोडून द्या. पावतीचा फोटो मोबाइलमध्ये, मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून केसच्या कप्प्यात, तेलाच्या बाटलीपासून लांब.